वाचकांचे प्रश्न : घराची सेप्टिक टाकी आणि तिची तपासणी

या अंकासाठी सेप्टिक टाकीविषयी आलेली पत्रे एकत्र घेतली आहेत. ज्या घरांपर्यंत भुयारी गटार पोहोचलेले नाही, त्या सर्व घरांशी या विषयाचा संबंध आहे, आणि महाराष्ट्रातील असंख्य लहान शहरे व खेडी त्यात येतात. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यात आमचे वडिलोपार्जित घर आहे. वडिलांनी १९९४च्या सुमारास शौचालय आणि सेप्टिक टाकी बांधून घेतली. तेव्हापासून टाकी एकदाही उपसलेली नाही आणि ती कधी तुंबलेलीही नाही, त्यामुळे घरातील सगळे तिचे कौतुक करतात. आता घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देण्याचा विचार आहे. त्याआधी टाकीची तपासणी करावी काय, आणि ती नेमकी कशी करतात? — एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : तपासणी जरूर करून घ्यावी आणि पाहुणे येऊ लागण्यापूर्वी करून घ्यावी. टाकी तुंबलेली नाही एवढ्यावरून ती काम करते आहे असे ठरत नाही. किंबहुना इतकी वर्षे उपसा न होताही जी टाकी तुंबत नाही, तिच्याविषयी अधिक शंका घ्यायला हवी.

सेप्टिक टाकीत शौचालयातून आलेले पाणी काही काळ स्थिर राहते. त्यातील जड भाग तळाशी गाळ होऊन बसतो, हलका भाग वर तवंगाचा थर धरतो आणि मधले, त्यामानाने निवळलेले पाणी बाहेरच्या पाइपातून शोषखड्ड्याकडे, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्याकडे, जाते. प्राणवायूविना जगणारे जिवाणू तळाचा काही गाळ कुजवून कमी करतात, परंतु सगळा गाळ ते कधीच संपवू शकत नाहीत. उपसा झाला नाही की गाळ वर चढत जातो, तवंग खाली उतरत जातो, पाणी निवळायला मधे जागाच राहत नाही आणि आलेला मैला जवळजवळ जसाच्या तसा शोषखड्ड्यात जातो. शौचालय वापरणाऱ्याला यातील काहीच कळत नाही, कारण पाणी तर रोज व्यवस्थित जात असते. दुसरी शक्यता याहून गंभीर आहे. पुष्कळ जुन्या टाक्यांना तळाचे काँक्रीट केलेलेच नसते, किंवा चिऱ्याच्या भिंतींना आतून गिलावा नसतो. अशी टाकी भरत नाही, कारण ती चारही बाजूंनी जमिनीत झिरपत असते, आणि झिरपलेले पाणी आपल्याच किंवा शेजाऱ्याच्या विहिरीकडे जाऊ शकते. आपल्या टाकीत यांपैकी काय घडले आहे, हे झाकण उघडल्याखेरीज कळणार नाही.

प्रथम टाकी कोठे आहे हे शोधावे लागते. जुन्या घरांत ती परसात, मांगराच्या बाजूला किंवा नंतर फरशी घातलेल्या अंगणाखाली सापडते. टाकीतील वायू वर सोडणारा व्हेंट पाइप कोठून वर आला आहे आणि शौचालयाजवळच्या चेंबरमधून पाइप कोणत्या दिशेला गेला आहे, यावरून अंदाज बांधता येतो. ज्या गवंड्याने बांधकाम केले त्याच्या घरी चौकशी केली तर बहुधा काम आणखी सोपे होते. टाकी सापडली तरी तिच्या झाकणावर कोणालाही उभे राहू देऊ नये. टाकीतील वायूमुळे झाकणाच्या खालच्या अंगाला आम्ल तयार होते आणि ते काँक्रीट पोखरून आतील सळया गंजवते, त्यामुळे वरून धडधाकट दिसणारा स्लॅब खालून पार कमजोर झालेला असू शकतो.

झाकण दोघांनी बाजूला उभे राहून पहारीने सरकवावे, काही वेळ टाकी उघडी ठेवावी, वारा पाठीमागून येईल अशा जागी थांबावे आणि तोंड कधीही उघड्या भागावर नेऊ नये. जवळपास विडी, काडी किंवा चूल पेटती असता कामा नये, कारण टाकीतील मिथेन पेट घेतो. मुलांना आणि गुरांना त्या दिवशी परसात येऊ देऊ नये.

उघडल्यावर सर्वांत आधी पाण्याची पातळी पाहावी. माझ्या मते संपूर्ण तपासणीत एवढी बोलकी दुसरी खूण नाही. चांगल्या टाकीतील पाणी बरोबर बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या खालच्या कडेपाशी असते. ते त्याहून बरेच खाली असेल आणि घर वापरात असेल, तर टाकी कोठून तरी गळते आहे. ते पाइपाच्या वर चढलेले असेल, तर पाइप चोंदला आहे किंवा शोषखड्डा पाणी घेईनासा झाला आहे. भिंतीवर आताच्या पातळीच्या वर ओलीचा जुना काळा पट्टा दिसला, तर पूर्वी कधीतरी, बहुधा पावसाळ्यात, पाणी तेथवर चढून गेलेले आहे.

नंतर गाळ मोजावा. त्यासाठी लांब, सरळ काठीच्या खालच्या भागाला पांढरे जाड कापड घट्ट गुंडाळतात, काठी हलकेच तळापर्यंत सोडतात, काही मिनिटे स्थिर धरतात आणि सावकाश वर काढतात. गाळ जेथवर आहे तेथवर कापडाला काळे कण चिकटलेले राहतात. वरचा तवंग किती जाड आहे, हे काठीच्या टोकाला आडवी पट्टी ठोकून ती तवंगाखालून वर ओढली की समजते. गाळ आणि तवंग मिळून पाण्याच्या खोलीच्या एकतृतीयांश भागापर्यंत आले असतील, तर उपसा करायलाच हवा. आपल्या बाबतीत हे मोजमाप केवळ नोंदीसाठी राहील. इतक्या वर्षांनंतर उपसा लागणार हे मी आताच सांगू शकतो.

त्याच वेळी टाकीत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपांच्या तोंडाशी बसवलेले टी-आकाराचे तुकडे जागेवर आहेत की नाहीत, हेही पाहावे. बाहेरच्या बाजूचा टी पाण्याच्या मधल्या थरातून पाणी घेतो आणि तवंगाला अडवतो. जुन्या टाक्यांत हा तुकडा हमखास तुटून पडलेला असतो. तो नवा बसवण्याचा खर्च किरकोळ आहे, परंतु तो नसल्यामुळे तवंग शोषखड्ड्यात जाऊन खड्डा कायमचा निकामी होऊ शकतो. टाकीला दोन कप्पे असतील, तर मोजमाप दोन्ही कप्प्यांत घ्यावे.

यानंतरची तपासणी उपशाच्या दिवशी होते, आणि ती बहुतेक लोक वाया घालवतात. मैला पंपाने ओढून घेणारी सक्शनची गाडी येते, पाइप टाकला जातो, पैसे देऊन आपण मोकळे होतो. त्याऐवजी टाकी रिकामी होत असताना बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाकडे लक्ष ठेवावे. तेथून पाणी उलट टाकीत येऊ लागले, तर शोषखड्डा तुडुंब भरलेला आहे. टाकी रिकामी झाली की मोबाइल लांब काठीला बांधून आतील चित्रण करून घ्यावे आणि तळाला काँक्रीट आहे काय, भिंतींना तडे आहेत काय, कोठून बाहेरचे पाणी आत येत आहे काय, हे त्यात नीट पाहावे. तळाशी थोडा गाळ राहू द्यावा. टाकी घासून पुसून स्वच्छ करण्याची गरज नसते, कारण त्या गाळातील जिवाणूंवरच पुढचे काम चालते. कोकणात आणखी एक अडचण येते. पाखाडीने जावे लागणाऱ्या घरांपर्यंत गाडी पोहोचत नाही, म्हणून गाडी ठरवतानाच रस्त्यापासून टाकीपर्यंतचे अंतर सांगून त्यांच्याकडे तेवढा लांब पाइप आहे काय, हे विचारून घ्यावे.

आता पर्यटकांचा प्रश्न. सेप्टिक टाक्यांसाठी भारतीय मानक आयएस २४७० आहे. त्याच्या १९८५च्या आवृत्तीनुसार पाच माणसांच्या वापरासाठी १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद आणि दर वर्षी उपसा होणार असेल तर १ मीटर पाण्याच्या खोलीची टाकी लागते. दहा माणसांसाठी लांबी २ मीटर, रुंदी ०.९ मीटर आणि दोन वर्षांनी उपसा करायचा असल्यास खोली १.४ मीटर धरतात. पाण्याच्या वर सुमारे ३० सेंटीमीटर मोकळी जागा निराळी. आपली टाकी मोजून घ्यावी आणि घरातील माणसे व पाहुणे यांची बेरीज करून तिच्याशी ताडून पाहावी. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी आले की घरात किती माणसे असतात, हेही त्या बेरजेत धरावे, कारण टाकीवरचा सर्वाधिक ताण नेमका त्याच आठवड्यात पडतो. पाहुण्यांच्या खोल्यांतील स्नानगृहाचे पाणी या टाकीत सोडू नये. एकदम आलेल्या पाण्याच्या लोंढ्याने गाळ ढवळला जातो आणि पाण्याला निवळायला वेळच मिळत नाही.

तपासणी आणि उपसा उन्हाळ्यात करावा, मात्र शोषखड्ड्याची खरी परीक्षा श्रावणात, जमीन पाण्याने भरलेली असताना होते. म्हणून उन्हाळ्यात एकदा आणि भर पावसात पुन्हा एकदा पातळी पाहावी. टाकी कोठे आहे, तिची मापे, गाळाची उंची, उपशाची तारीख आणि गाडीची पावती हे सर्व एका वहीत ठेवावे आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी त्यात भर घालावी.

प्रश्न : आमच्या प्लंबरचे म्हणणे असे की, टाकीत माणूस उतरवून आतून तपासल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही. दोन मजूर उतरायला तयार आहेत. झाकण दिवसभर उघडे ठेवले तर चालेल का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : चालणार नाही. कोणालाही टाकीत उतरवू नका, तपासणीसाठी नाही आणि साफसफाईसाठीही नाही.

सेप्टिक टाकीत हायड्रोजन सल्फाइड, मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू तयार होतात आणि प्राणवायू अत्यंत कमी असतो. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, पण त्याचे प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत सुमारे १०० भागांपर्यंत गेले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. त्यामुळे आता वास येत नाही, म्हणजे वायू निघून गेला, असा समज होतो आणि तो प्राणावर बेततो. झाकण दिवसभर उघडे ठेवल्याने धोका टळत नाही, कारण वायू गाळाच्या आत कोंडलेला असतो. माणूस आत उतरून गाळ ढवळू लागला की तो एकाएकी बाहेर पडतो आणि काही क्षणांतच शुद्ध हरपते. वर उभा असलेला माणूस त्याला वाचवण्यासाठी उडी घेतो आणि तोही परत येत नाही. एकाच टाकीत दोन, तीन, चार माणसे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच घडलेले असते.

कायदाही स्पष्ट आहे. हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणाऱ्या २०१३च्या कायद्याच्या कलम ७ नुसार कोणतीही व्यक्ती, स्थानिक संस्था किंवा एजन्सी सेप्टिक टाकीच्या धोकादायक साफसफाईसाठी कोणालाही प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे कामाला लावू शकत नाही. पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. 'कोणतीही व्यक्ती' यात घरमालकही येतो. काम प्लंबरमार्फत दिले म्हणून आपली सुटका होत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडी येथे एका गृहनिर्माण सोसायटीची टाकी साफ करताना तीन कामगारांचा मृत्यू झाला. त्यांच्या पत्नींनी दाद मागितल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्रत्येकी १० लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी अशा मृत्यूंसाठीची भरपाई ३० लाख रुपये केली. भरपाईचे आकडे मी केवळ कायदा समजावा म्हणून देतो आहे. मजूर उतरायला तयार आहेत, असे आपण लिहिता. ज्यांना दुसरे काम मिळत नाही ते तयार होतातच, आणि म्हणून नकार देण्याची जबाबदारी आपली आहे.

तपासणीसाठी आत जाण्याची गरजही नाही. पातळी वरून दिसते, गाळ काठीने मोजता येतो, भिंती व तळ काठीला बांधलेल्या मोबाइलने पाहता येतो आणि उपसा सक्शनच्या गाडीने होतो. फार घट्ट झालेला गाळ पाण्याचा जोरदार फवारा मारून सैल करता येतो. मैला यंत्राने उपसण्याची सोय विचारण्यासाठी केंद्र सरकारने १४४२० ही मदतवाहिनी सुरू केलेली आहे. नगरपालिकेच्या आरोग्य विभागातही चौकशी करावी. दुर्दैवाने कोणी टाकीत पडलेच, तर आत न उतरता तात्काळ १०१ किंवा ११२ या क्रमांकावर अग्निशमन दलाला बोलवावे.

प्रश्न : आमच्या शेजाऱ्यांचा शोषखड्डा आमच्या पिण्याच्या विहिरीपासून अंदाजे १२ मीटरवर आणि चढावर आहे. त्यांनी गेल्या वर्षीच टाकी तपासून घेतली व ती ठीक असल्याचे ते सांगतात. आम्ही निश्चिंत राहावे काय? — एक वाचक, बार्देश, गोवा

उत्तर : राहू नये. शेजाऱ्यांनी टाकी तपासली ही चांगली गोष्ट आहे, परंतु आपल्या विहिरीला धोका टाकीपेक्षा शोषखड्ड्याचा अधिक आहे. टाकी उत्तम स्थितीत असली तरी तिच्यातून निघणारे पाणी केवळ निवळलेले असते, जंतुमुक्त नसते. जंतू नाहीसे करण्याचे काम शोषखड्ड्याभोवतीची माती करते, आणि त्यासाठी तिला अंतर व वेळ लागतो.

भारतीय मानकात शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याचा स्रोत यांच्यात किमान १८ मीटर अंतर सांगितले आहे. आपल्याकडे ते १२ मीटरच आहे, शिवाय उतार विहिरीकडे आहे. त्यात गोव्याची आणि कोकणची जमीन जांभ्याची. जांभ्यात भेगा आणि पोकळ्या असतात, त्यांतून पाणी गाळले न जाताच वेगाने पुढे निघून जाते, म्हणून अशा जमिनीत १८ मीटर हे अंतरही पुरेसे समजू नये.

विहिरीच्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पहिल्या मोठ्या पावसानंतर. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जिवाणू मुळीच आढळता कामा नये, आणि नायट्रेटचे प्रमाण लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. ई-कोलाय सापडला तर मैल्याचे पाणी विहिरीत येते आहे. नायट्रेट शेतातील खतामुळेही वाढू शकते, तेव्हा तेवढ्या एकाच आकड्यावरून शेजाऱ्यांना दोष देऊ नये. महाराष्ट्रातील वाचकांना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत ही तपासणी करता येते, आणि गावातील जलसुरक्षक नमुना कसा घ्यायचा ते सांगू शकतो.

अहवाल येईपर्यंत पिण्याचे पाणी चांगले उकळून घ्यावे. उकळल्याने कावीळ, विषमज्वर आणि अतिसार यांचे जंतू मरतात. नायट्रेट मात्र उकळून जात नाही, म्हणून ते जास्त निघाल्यास लहान बाळांचे दूध त्या पाण्यात बनवू नये. अहवाल वाईट आला, तर तो हातात घेऊन शेजाऱ्यांशी बोलावे आणि शोषखड्डा विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला हलवण्याची विनंती करावी. पुष्कळ ठिकाणी दोन्ही घरांनी मिळून खर्च केला आहे, आणि त्यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही.

प्रश्न : दर महिन्याला टाकीत जिवाणूंची पावडर टाकली तर उपसा करावा लागत नाही, असे दुकानदार सांगतो. हे खरे आहे का? — एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : नाही. टाकीत लागणारे जिवाणू मैल्याबरोबर रोजच येतात. माती, राख आणि न कुजणारा गाळ कोणतीही पावडर नाहीसा करत नाही, म्हणून उपसा चुकत नाही. त्या पैशांत व्हेंट पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बसवून घ्यावी, म्हणजे टाकीतील डासांची पैदास बाहेर येणार नाही. शौचालयात अॅसिड आणि जंतुनाशक भरमसाट ओतणेही बंद करावे. त्यांच्या अतिवापराने टाकीतील उपयोगी जिवाणू मरतात.

प्रश्न : आमचे घर नवे, टाकीही नवी. गेल्या दोन पावसाळ्यांत शौचालयातील पाणी जाईनासे झाले. दोन्ही वेळा टाकी उपसली, आठ-दहा दिवसांत पुन्हा तेच. कंत्राटदार म्हणतो टाकी लहान पडते, आणखी मोठी बांधा. — एक वाचक, परभणी

उत्तर : मोठी टाकी बांधण्यापूर्वी शोषखड्डा तपासा. आपल्या पत्रावरून अडचण तेथेच असावी असे वाटते. मराठवाड्यातील काळी माती पाण्याने फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि ती पाणी शोषणे जवळजवळ थांबवते. उन्हाळ्यात खणलेला खड्डा घडाघडा पाणी पितो, म्हणून बांधताना सगळे समाधानी असतात. उपसा केल्यावर आठ दिवसांत पुन्हा टाकी भरते, याचा अर्थ शोषखड्ड्यातील आणि भोवतालच्या मातीतील पाणी परत टाकीत शिरत असावे, आणि टाकी मोठी केली तर तेच पाणी साठायला अधिक जागा मिळेल, एवढेच.

हे पडताळण्यासाठी शोषखड्ड्याजवळ, साधारण त्याच खोलीचा एक लहान खड्डा घ्यावा, तो रात्रभर पाण्याने भरलेला ठेवून माती पुरती भिजू द्यावी आणि दुसऱ्या दिवशी पाण्याची पातळी २५ मिलिमीटर खाली जायला किती वेळ लागतो ते पाहावे. एक तासाहून अधिक वेळ लागला, तर त्या जमिनीत शोषखड्डा चालणार नाही, मग तो कितीही खोल खणा. अशा ठिकाणी टाकीनंतर खडीचा गाळणी कप्पा करतात, ज्यात पाणी खालून वर चढत जाते, किंवा जमिनीच्या वर उंच केलेल्या खडी-वाळूच्या वाफ्यात कर्दळ लावून पाणी त्यातून नेतात. कोणता मार्ग आपल्या जागेत बसेल, हे नगरपालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागातील अभियंत्याला जागा दाखवून ठरवावे.

एक सूचना अगदी महत्त्वाची आहे. भर पावसात, भूजल वर आलेले असताना टाकी पूर्ण रिकामी करू नये. विशेषतः फायबरची किंवा प्लास्टिकची तयार टाकी अशा वेळी खालच्या पाण्याच्या दाबाने जागेवरून उचलली जाते आणि सगळे पाइप तुटतात. त्या दिवसांत नाइलाज झाला, तर थोडाच उपसा करून वेळ निभावून न्यावी.

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये घर विकत घेत आहेत. त्या घराला सेप्टिक टाकी आहे हे ऐकून आम्हाला आश्चर्य वाटले. विकणाऱ्याने तपासणी अहवाल दिला आहे. तो पुरेसा मानावा का? — एक वाचक, पुणे

उत्तर : आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. अमेरिकेत शहराबाहेरील लाखो घरे सेप्टिक टाकीवरच चालतात. मॅसॅच्युसेट्समध्ये 'टायटल फाइव्ह' या नियमावलीप्रमाणे घर विकताना ही व्यवस्था तपासून घेणे बंधनकारक आहे. तपासणी विक्रीच्या आधीच्या दोन वर्षांत झालेली असावी लागते; दर वर्षी उपसा केल्याच्या पावत्या असतील तर तीन वर्षांपर्यंतची चालते. तपासणारा राज्याने मान्यता दिलेला असतो आणि अहवालाची प्रत गावाच्या आरोग्य मंडळाकडे जाते.

मुलीला तीन गोष्टी पाहायला सांगा. अहवालाचा निष्कर्ष 'उत्तीर्ण' आहे की 'सशर्त उत्तीर्ण', हे पहिले. सशर्त असेल तर काही दुरुस्ती बाकी आहे आणि तिचा खर्च कोण करणार हे खरेदी करारात लिहिलेले असले पाहिजे. दुसरी गोष्ट शयनगृहांची. तेथे व्यवस्थेची क्षमता शयनगृहामागे दिवसाला ११० गॅलन, म्हणजे सुमारे ४१५ लिटर, या हिशेबाने ठरते. तीन शयनगृहांसाठी मंजूर असलेल्या घराची जाहिरात चार शयनगृहांचे घर अशी केलेली असेल, किंवा पुढे आपल्या येण्याजाण्यासाठी एक खोली वाढवायची असेल, तर आताच विचारलेले बरे. तिसरी, तपासणीच्या वेळी घरात कोणी राहत होते काय. रिकाम्या घराची पाणी जमिनीत मुरवणारी व्यवस्था कोरडी होऊन काही काळ चांगली भासते आणि माणसे राहायला आली की खरी अडचण उघडी पडते. आरोग्य मंडळाकडे त्या पत्त्याच्या जुन्या नोंदी मागता येतात, त्या अवश्य पाहाव्यात. अमेरिकेतील प्रत्येक राज्याचा नियम निराळा आहे आणि काही ठिकाणी अशी सक्ती नाही. तेथे घर घेणाऱ्या मराठी वाचकांनी स्वतःच्या खर्चाने, टाकी उघडून केलेली तपासणी मागावी. नुसते नळ सोडून किंवा पाण्यात रंग टाकून केलेल्या पाहणीवर विसंबू नये.

प्रश्न : आमची ३० सदनिकांची सोसायटी शहराच्या हद्दीबाहेर आहे. सक्शनची गाडी मैला कोठे नेते, याची चौकशी करणे आमचे काम आहे काय? — एका सोसायटीचे सचिव, पुणे जिल्हा

उत्तर : होय, आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल आपले आभार मानतो. गाडी भरून गेली की आपले काम संपले असे मानण्याची पद्धत आहे, परंतु तो मैला ओढ्यात, माळावर किंवा शेताच्या कडेला रिता झाला, तर आपल्या टाकीतील जंतू दुसऱ्या कोणाच्या पाण्यात जातात, आणि टाकी बांधून आपण जे साधले ते सारे फुकट जाते.

याची चांगली व्यवस्था महाराष्ट्रात झालेली आहे. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपालिकांनी घरोघरच्या टाक्या तीन वर्षांच्या चक्राने, कोणी बोलावण्याची वाट न पाहता, ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे उपसण्याची पद्धत सुरू केली. वाईत ती २०१८ पासून आहे. दोन्ही ठिकाणी उपसलेला मैला दिवसाला ७० हजार लिटर क्षमतेच्या प्रक्रिया केंद्रात जातो आणि खर्च नागरिकांच्या करांतून भागतो. टाकी तुंबण्याआधीच गाडी दारात येत असल्याने प्रत्येक टाकी ठरावीक काळाने उघडली आणि पाहिली जाते, हा त्या पद्धतीचा मला सर्वांत मोठा लाभ वाटतो.

आपली सोसायटी हद्दीबाहेर असली, तरी जवळच्या नगरपालिकेकडे असे केंद्र आहे काय आणि ते बाहेरच्या गाड्यांचा मैला घेते काय, हे लेखी विचारावे. गाडीवाल्याशी ठरवताना मैला कोणत्या केंद्रात रिकामा होणार ते पावतीवर लिहून घ्यावे, केंद्राची पोच मिळाल्यावरच पूर्ण पैसे द्यावेत आणि कोणीही टाकीत उतरणार नाही ही अट त्याच कागदावर नमूद करावी. ३० सदनिकांच्या टाकीचे मोजमाप दर सहा महिन्यांनी घेणे योग्य ठरेल. ते काम कोणाकडे आहे, हे वार्षिक सभेच्या इतिवृत्तात नोंदवावे, म्हणजे समिती बदलली तरी नोंदवही पुढच्या सचिवाकडे जाईल.